रजेच्या नियमांची फेअर कॉपी

१ जानेवारी १९८८, शुक्रवार. सकाळी सहा.

खरं म्हणजे सव्वासात वाजलेत. पण गजर सहाचा लावला होता, तेव्हा सहाच धरायला हरकत नाही.

हे वर्ष माझं. जूनमध्ये खात्याची परीक्षा. पास झालो की यू.डी.सी.चा असिस्टंट. चौदा वर्षं यू.डी.सी., म्हणजे अप्पर डिव्हिजन क्लार्क, आहे. वयाच्या अटीमुळे हा शेवटचा चान्स. पण शेवटच्या चान्सला माणूस जास्त सीरियस असतो, म्हणजे एका अर्थी हा फायदाच म्हणायचा.

सेक्शनमधला चोप्राही बसतोय. मला आठ वर्षं ज्युनियर. फाइलला टॅग कसा बांधायचा हे त्याला मी शिकवलं. काळजी नाही.

बायकोनेही, कुमुदने, फॉर्म भरलाय. ती दुसऱ्या मंत्रालयात, तीही यू.डी.सी.च, परीक्षा एकच. मी म्हटलं, भर की, अनुभव येईल. ती म्हणाली, हो, अनुभवासाठीच. समजूतदार बाई आहे.

३ जानेवारी, रविवार

आयुष्याला दिशा मिळाली. दुधाच्या रांगेत.

अण्णासाहेब भेटले. रिटायर्ड अंडर सेक्रेटरी. शेजारच्या ब्लॉकमध्ये मुलाकडे राहतात. आमच्या आर. के. पुरमच्या सेक्टरमध्ये नियमांचा एवढा मोठा जाणकार दुसरा नाही. म्हणाले, टिपणीस, वाचलेलं डोळ्यांतून निघून जातं, हाताने लिहिलेलं हाडांत मुरतं. आधी नोट्स काढा. मग त्या नोट्स हाताने पुन्हा लिहा. मग आणखी एकदा लिहा. तिसऱ्या वेळेला मेंदूला लक्षात ठेवण्याशिवाय इलाजच राहत नाही. एक्कावन्न साली ते याच पद्धतीने पहिल्या झटक्यात पास झाले.

अंगावर काटा आला. (थंडीही होती.)

आणि आमचं आडनाव टिपणीस! घराण्यात पिढ्यानपिढ्या टिपणं काढलेली. वीणाने विचारलं, बाबा, टिपण म्हणजे? म्हटलं, नोट्स. ती म्हणाली, अच्छा, म्हणजे आपण नोट्सवाले. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी हा स्वतंत्र विषय आहे. त्यावरही कधीतरी नोट्स काढायला हव्यात.

९ जानेवारी, शनिवार

नई सडकला जाऊन खरेदी. फूलस्केप कागद, स्टीलची फूटपट्टी, दोन फाउंटन पेन, चार शाया. रंगांची योजना बसमध्येच पक्की केली. निळ्या शाईत नियम. हिरव्या शाईत नियमाचे अपवाद. लाल शाईत अपवादांचे अपवाद. जांभळ्या शाईचं अजून ठरलेलं नाही, पण रंग फार सुंदर आहे.

घरी आल्यावर कुमुदने विचारलं, आणि पुस्तक?

पुस्तक राहिलं. पुढच्या शनिवारी.

१७ जानेवारी, रविवार

मराठी मंडळाची बस. पानिपत, काला अंबचं स्मारक. दरवर्षी जातो. या वर्षी जाऊ नये असं ठरवलं होतं, पण कुमुद म्हणाली की तिने चार दिवसांपूर्वीच पैसे भरलेत. मग पुस्तक आणि शाई बरोबर घेतली. (पुस्तक काल आणलं. जाड आहे. हातात धरलं की निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटतं.)

बसमध्ये रजेच्या नियमांची पहिली ओळ लिहिली. सोनीपतच्या पुढे खड्डा आला आणि हिरवी शाई अण्णासाहेबांच्या पांढऱ्या मफलरवर गेली. ते रागावले नाहीत. उलट शाई बघून त्यांना आठवण झाली. म्हणाले, तुम्ही परीक्षेला बसताय का? मग एक पद्धत सांगतो, आजवर कुणाला सांगितलेली नाही. आणि त्यांनी तीच पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगितली.

किती थोर माणूस. एकदा सांगून समाधान मानत नाहीत.

परत येताना त्यांनी माझं नाव विचारलं. बहुतेक मंडळाच्या रजिस्टरसाठी असेल.

२४ जानेवारी, रविवार

टेबलाचा प्रश्न. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये टेबल एकच. वीणाची मार्चमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा. ती म्हणते, बाबा, प्लीज यार, मला टेबल लागतं. बापाला यार म्हणू नये हे सांगून झाल्यावर मी तिला समजावलं की तिचा अभ्यास वाचण्याचा आहे, तो कुठेही होतो. माझा लिहिण्याचा आहे, त्याला सपाट जागा लागते. शिवाय चार दौती. वीणा बराच वेळ दौतींकडे बघत राहिली. पटलं असावं.

आता मायलेकी स्वयंपाकघरात बसतात. कुमुद मटार सोलते, वीणा तिला माझ्याकडे आहे तसंच जाड पुस्तक उघडून प्रश्न विचारते. मग कुमुद वीणाला इतिहास विचारते. एक अक्षर लिहीत नाहीत. बिचाऱ्या. हे काही टिकायचं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

रजेचा धडा, नोट्स पूर्ण! पहिला मसुदा. अठ्ठावीस पानं. पुस्तकात धडा बावीस पानांचा आहे, पण माझं अक्षर मोठं आहे.

८ फेब्रुवारी, सोमवार

मसुदा ऑफिसात नेला. चोप्रा म्हणाला, टिपणीस जी, क्या लिखाई है, छपी हुई लगती है. मग म्हणाला, मार्जिन थोडा टेढ़ा नहीं है?

वाकडा आहे. सगळीकडे. डावीकडे वर जास्त, खाली कमी.

अशा पानावरून शिकलेला नियम डोक्यातही वाकडाच बसणार. फेअर कॉपी सुरू. तसंही अण्णासाहेबांच्या पद्धतीत दुसऱ्यांदा लिहायचंच असतं. चोप्राने नकळत मदत केली.

२१ फेब्रुवारी, रविवार

दुसरी प्रत झाली. अप्रतिम. मार्जिन असा की मुंगीने सरळ चालायला शिकावं.

कुमुदला म्हटलं, विचार काय हवं ते. तिने पीठ मळता मळता विचारलं, अर्जित रजा जास्तीत जास्त किती साठवता येते?

मी डोळे मिटले. पान लख्ख दिसलं. सांगितलं: डावं पान, खालून तिसरी ओळ, निळी शाई, आकड्याखाली दुहेरी रेघ.

ती म्हणाली, हो, पण आकडा कुठला?

म्हटलं, दुहेरी रेघ मारलीय म्हणजे महत्त्वाचाच असणार.

कुमुदने आकडा सांगितला. शेजारून वीणानेही सांगितला, आईला प्रश्न विचारून विचारून. असो. जागा लक्षात राहिली, रंग लक्षात राहिला. आता आत फक्त मजकूर भरायचा बाकी आहे. म्हणजे ऐंशी टक्के काम झालंय.

तिसरी प्रत घ्यावी लागेल.

६ मार्च, रविवार

होळीत आठवडा गेला. शिवाय वरच्या मजल्यावरून आलेल्या फुग्याने दुसऱ्या प्रतीतली सहा पानं गुलाबी झाली. माझ्या योजनेत गुलाबी म्हणजे काहीच नाही. ती पानं पुन्हा.

मात्र यातून एक क्रांतिकारक कल्पना सुचली. पूर्ण शब्द लिहायचेच कशाला? शॉर्ट फॉर्म वापरायचे! रजा म्हणजे र. अर्जित रजा म्हणजे अर. अर्धपगारी म्हणजे अप. वेळ निम्मा.

१३ मार्च, रविवार

‘र. अप. ना अर. चे अ. सो. मं. क्र.’

हे मीच लिहिलंय. अक्षर माझंच. फार सुंदर आहे. अर्थ लागत नाही.

शॉर्ट फॉर्मची एक स्वतंत्र सूची करायला घेतली आहे. ती पाठ झाली की नोट्स वाचता येतील. सूची पाठ करण्यासाठी ती तीनदा लिहावी लागेल, हे ओघानेच आलं.

वीणाचा गणिताचा पेपर झाला. चांगला गेला म्हणाली. मी विचारलं, समास सोडला होतास का? ती म्हणाली, समास तर हिंदीच्या पेपरात होता ना बाबा. मार्जिन, मार्जिन म्हणतोय मी.

२ एप्रिल, शनिवार

परिस्थितीचा शांतपणे आढावा. परीक्षेचे विषय सात. रजेचा विषय जवळजवळ संपत आला आहे. उरलेले सहा. प्रवासभत्ता, ऑफिस प्रोसिजर, संविधान वगैरे. एकदा रजेचा पाया पक्का झाला की बाकीचे भराभर होतात, हा माझा अंदाज. त्यासाठी सलग वेळ हवा. महिनाभर रजा काढून रजेचे नियम एकदाचे संपवतो.

चोप्रा रोज दुपारी डबा खाताना पुस्तक समोर ठेवतो. पानांवर लोणच्याचे डाग. मला त्याची दया येते.

८ एप्रिल, शुक्रवार

रजेचा अर्ज परत आला.

मी जो नियम लिहिला होता तो बाळंतपणाच्या रजेचा निघाला. हिरव्या शाईतला. मला वाटलं निळ्यातला आहे.

अर्ज चोप्राकडूनच पुढे गेला होता. त्याने फाइलवर फार सभ्य भाषेत लिहिलंय की अर्जदाराने नियमाचा पुनर्विचार करावा. मग स्वतःच योग्य नियम लिहून अर्ज तयार करून दिला आणि म्हणाला, बस साइन कर दीजिए, टिपणीस जी. सेक्शनमध्ये कुणी हसलं नाही. सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

हा प्रसंग मी सकारात्मक घेतो. बाळंतपणाच्या रजेचा नियम मला आकड्यासकट पाठ आहे हे सिद्ध झालं.

१५ मे, रविवार. दुपारी.

दिल्लीचा मे महिना आणि हाताने लिहिण्याची पद्धत यांचं जमत नाही.

पंखा लावला की कागद उडतात. कागदांवर वजन ठेवलं की ओळ झाकली जाते. पंखा बंद केला की घाम गळतो आणि शाई फुटते. काल अपवादाचा अपवाद घामाने पसरून अख्ख्या नियमावर गेला. सध्या पंखा बंद, खिडकी बंद (लूचा गरम झोत येतो), मनगटाला ओला टॉवेल. शास्त्राची किंमत मोजावीच लागते.

कुमुद म्हणाली, अहो, वीस मिनिटं तरी पंखा लावा, पोरीला चक्कर येतेय. मी म्हटलं, फक्त हा परिच्छेद. परिच्छेद मोठा निघाला.

आता मायलेकी खाली चढ्ढाबाईंकडे जाऊन बसतात. त्यांच्याकडे कूलर आहे. कुमुद जाताना पुस्तक घेऊन जाते. परत येते तेव्हा केस वाळलेले असतात आणि गुणगुणत असते. अभ्यास असा आनंदाने होत नसतो.

२८ मे, शनिवार

वीणा दहावी पास. फर्स्ट डिव्हिजन, गणितात डिस्टिंक्शन. चढ्ढाबाईंनी मिठाई वाटली. म्हणाल्या, मेरे कूलर के नीचे पढ़ी है.

तिला जवळ घेतलं. म्हटलं, बघ, मी टेबलावर बसून घरात वातावरणच असं तयार केलं. वीणा म्हणाली, थँक्यू बाबा, आता टेबल मिळेल? म्हटलं, जूननंतर.

११ जून, शनिवार

तिसरी प्रत पूर्ण!! शॉर्ट फॉर्म काढून टाकले. चारही रंग. जांभळ्याचा उपयोग सापडला: धड्याचं नाव.

रजेचे नियम संपले. परीक्षा पुढच्या रविवारी.

उरलेले सहा विषय या आठवड्यात वाचून काढीन. नुसतं वाचणं ही कच्ची पद्धत आहे, पण काही विषयांना ती चालून जाते.

कुमुदला उदारपणे माझी तिसरी प्रत देऊ केली. तिने दोन पानं उलटली, हात साडीला पुसून मग तिसरं उलटलं. म्हणाली, किती सुंदर आहे हो, फ्रेम करून लावावं असं वाटतं. आणि परत ठेवली. तिला वाटलं असावं की मला लागेल.

१८ जून, शनिवार

आज वाचायला बसलो. प्रवासभत्त्याची चार पानं झाल्यावर लक्षात आलं, हात रिकामा आहे. हात रिकामा असला की डोक्यात काही शिरत नाही. सवय. दुपारी पेन धुतले, निब साफ केल्या. संध्याकाळी अण्णासाहेब जिन्यात भेटले. उद्या परीक्षा म्हटल्यावर माझा खांदा धरून म्हणाले, एक गुपित सांगतो.

संपूर्ण ऐकून घेतलं. वडीलधारे आहेत.

१९ जून, रविवार. संध्याकाळी.

परीक्षा झाली. शांत वाटतंय.

पहिलाच प्रश्न रजेच्या नियमांवर! कंपल्सरी! हॉलमध्ये ओरडणार होतो. चोप्रा दोन बाकं पुढे मान खाली घालून बसला होता. मनात म्हटलं, आता बघ.

उत्तर आधी रफ लिहून काढलं. हात आपोआप चालला. आकडे आले, अपवाद आले, सगळं आलं! अण्णासाहेब, तुमचे उपकार कसे फेडू! मग रफवर फूटपट्टीने दोन तिरक्या रेघा मारल्या, ‘रफ, कृपया दुर्लक्ष करावे’ असं लिहिलं आणि पुढच्या पानावर फेअर कॉपी घ्यायला लागलो.

मार्जिन आखला. जांभळ्यात शीर्षक. हिरवी बाटली उघडली तेव्हा पर्यवेक्षक जवळ आला. म्हणाला, भाई साहब, नीली-काली के सिवा कुछ नहीं चलेगा, हरी स्याही तो जॉइंट सेक्रेटरी लोग चलाते हैं. मी म्हटलं, धीरे धीरे वहाँ भी पहुँचेंगे. तो हसला नाही. रंगीत बाटल्या घेऊन गेला.

जांभळं शीर्षक असलेलं पान रद्द करून निळ्यात नव्याने सुरुवात केली. अर्ध्या उत्तरापर्यंत आलो होतो, फार सुरेख चाललं होतं, तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, पाच मिनिट. तो म्हणाला, तीन घंटे हो गए.

एकूण एकच प्रश्न झाला. पण परीक्षक असा पेपर रोज बघत नसणार.

कुमुद वेगळ्या सेंटरवर होती. तिने पाचही प्रश्न लिहिले म्हणे. मी विचारलं, फेअर केलंस का? ती म्हणाली, कुठलं फेअर, एवढं घाईत लिहिलं की शेवटचं तर मलाच वाचता येणार नाही.

पेन धुवायला घेतले. सत्य सांगायला वेळ असते.

१० जुलै, रविवार

टेबल वीणाला दिलं. तिने त्यावर आधी वर्तमानपत्र पसरलं. लाकडावर चार गोल डाग पडलेत. ती म्हणाली, बाबा, ऑलिंपिक दिसतंय.

२१ ऑगस्ट, रविवार

काही नाही.

मधल्या काळात रजेच्या नियमांची आणखी एक प्रत घ्यावी का, असा विचार होता. हाताला चैन पडत नाही. कुमुद म्हणाली, परीक्षा झाली ना आता? म्हटलं, असिस्टंट झाल्यावर लागतील. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग चहा टाकायला गेली. अलीकडे ती माझ्याशी फार जपून बोलते. बायकोला नवऱ्याच्या पदाचा मान आधीच वाटायला लागतो, हे मी ऐकून आहे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल.

चोप्रा पास. कुमुद पास. मी नाही.

शंभरापैकी सात. कसे मिळाले असतील याचा बराच विचार केला. रफवर रेघा मारल्या नसत्या तर

१५ ऑक्टोबर, शनिवार

कालचं वाक्य पूर्ण करण्यात अर्थ नाही.

काल कुमुद ऑफिसातून आली. नेहमीसारखी चप्पल काढली, भाजी धुतली, विचारलं, जेवायला काय करू? तिच्या ऑफिसातही कळलं असणारच. पण ती बोलली नाही आणि मीही बोललो नाही. तिघे जेवलो. आमटीबद्दल बोललो.

आज सकाळी साखरेचा डबा शोधताना तांदळाच्या पिंपामागे पेढ्यांचा मोठा डबा सापडला. न उघडलेला. दोरीसुद्धा तशीच. म्हणजे येताना आणला आणि माझ्यामुळे लपवला.

खूप वेळ तिथेच उभा राहिलो. कुमुद मंडईत गेली होती. मला वाटलं, असं होता कामा नये. तिचे पेढे आपण वाटायचे. सगळ्या ब्लॉकला सांगायचं, माझी बायको असिस्टंट झाली. हा विचार सुचल्यावर इतकं मोठं मन झालं की मीच चकित झालो. इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघालो.

पहिलं दार चढ्ढाबाईंचं. डबा बघताच त्या ओरडल्या, मुबारक हो भाई साहब! इतनी मेहनत का फल मिल गया! मी सांगणार होतो. तोंडही उघडलं. पण त्यांनी त्यात पेढा घातला. तोंड भरलेलं असताना म्हटलं, जी, घर में पास हुए हैं.

हे हिंदीत बरोबर आहे. ‘घर में’ म्हणजे बायको. तांत्रिकदृष्ट्या मी खरं तेच बोललो.

दुसऱ्या दारात म्हटलं, बस, आपकी दुआ. तिसऱ्या दारात काहीच म्हणालो नाही, त्यांनी मिठीच मारली. वरच्या मजल्यापर्यंत मी थोडी मान तिरकी करून हसायला लागलो होतो, असं आठवतं. एकाने विचारलं, कितने सालों की तपस्या थी? मी म्हटलं, चौदह. त्या घराच्या आजींनी डोक्यावर हात ठेवला.

मग शेजारच्या ब्लॉकमध्ये अण्णासाहेबांकडे. पेढा घेऊन म्हणाले, छान. तुम्ही कधी परीक्षेला बसलात तर माझ्याकडे या, एक पद्धत आहे.

रिकामा डबा घेऊन घरी आलो. कुमुद आली होती. पिंप सरकलेलं तिने पाहिलं, डबा पाहिला. म्हणाली, वाटलेत? मी म्हटलं, वाटले. तिचा चेहरा असा खुलला की मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. मी म्हटलं, छे.

त्या वेळी सांगायला हवं होतं.

संध्याकाळी सहाला बेल. चढ्ढाबाई, मिस्टर चढ्ढा, वरचे, समोरचे, मिळून दहा-बारा माणसं. झेंडूचा हार आणि नारळ. कुमुदने दार उघडलं, पदर सावरला, हसून दोन पावलं पुढे आली. हार तिच्या बाजूने गेला आणि माझ्या गळ्यात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर चढ्ढा म्हणाले, असिस्टंट साहब, भाषण!

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. तिला एका क्षणात सगळं समजलं. मला वाटलं आता ती बोलेल. ती सगळ्यांना म्हणाली, बैठिए ना, मैं चाय बनाती हूँ. आणि स्वयंपाकघरात निघाली. माझ्या सत्काराचा चहा करायला.

वीणा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आईच्या पाठीकडे बघत होती.

मी म्हटलं, कुमुद पास हुई है. मैं फेल हूँ.

नारळ मिस्टर चढ्ढांच्या हातातच राहिला. मी हार काढायला लागलो तर तो चष्म्यात अडकला. शेवटी वीणाने सोडवला आणि जाऊन आईच्या गळ्यात घातला. कुमुदच्या हातात चहाची गाळणी होती.

मग चढ्ढाबाई भानावर आल्या. कुमुदला घट्ट धरलं, रडल्या, हसल्या. आणि मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून, काहीच समजत नसल्यासारखं विचारलं: लेकिन भाई साहब, इतने महीने पंखा बंद करके आप लिखते क्या थे?

मी म्हटलं, छुट्टी के नियम.

आधी वीणा हसली. तिला थांबताच येईना. मग चढ्ढा, मग सगळे. कुमुदने पदर तोंडाला लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. मीही हसलो. मला थोडा उशीर झाला, पण हसलो.

१६ ऑक्टोबर, रविवार

उद्या कुमुद असिस्टंट म्हणून जॉइन होणार. नवं ऑफिस लांब आहे, बस लवकरची. मी जाहीर केलं की उद्यापासून तिचा डबा मी करणार. वीणा म्हणाली, बाबा, पक्का? म्हटलं, बिल्कुल.

वांग्याची भाजी. कठीण काही नाही. इतकी वर्षं खातोय.

१७ ऑक्टोबर, सोमवार

कुमुद जॉइन झाली. संध्याकाळी डबा परत आला. अर्धा.

मीठ विसरलो होतो. कुमुद काही बोलली नाही. वीणा बोलली. मग म्हणाली, रेसिपी लिहून घ्या ना बाबा.

मी म्हटलं, नको. तू नुसतं सांग.